सरकारी वकील झालेल्या लेकीस

चि. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की जामीनअर्जावर पोलीस ठाण्याकडून 'कडक विरोध आहे' असा ठरावीक 'से', म्हणजे लेखी म्हणणे, येतो, त्याखाली मुकाट्याने सही करावी की रुजू होऊन महिना झाला नाही तोच वेगळे मत लिहावे. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. तालुक्याच्या न्यायालयात बत्तीस वर्षे मी बेंच क्लार्क म्हणून बसलो आणि सरकारी वकिलांच्या किती तरी पिढ्या समोरून गेल्या, तेव्हा जे पाहिले ते सविस्तर लिहितो.

तुझे पद पोलिसांच्या हाताखालचे नाही, हे आधी मनाशी पक्के कर. मी १९८६ साली नोकरीला लागलो, तेव्हा दंडाधिकाऱ्यांसमोर खटले चालवणारे सरकारी वकील पोलीस खात्याच्याच ताब्यात होते. ज्याने तपास केला त्याच्याच वरिष्ठाकडे वकिलाची बढती आणि बदली असे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेला हे अभिप्रेत नव्हते, तरीही महाराष्ट्रात ते चालू राहिले. अखेर १९९५ साली शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला या वकिलांचा पोलीस खात्यापासून स्वतंत्र संवर्ग करण्याचा आदेश दिला. आता १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण तुझ्या पदाचे हे स्वातंत्र्य तसेच आहे. ते भांडून मिळालेले आहे, म्हणून ते वापरायला संकोचू नकोस.

त्याचा अर्थ मला एका चोरीच्या खटल्यात कळला. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप असलेला एक तरुण सात महिने कच्चा कैदी, म्हणजे निकाल लागण्याआधीच तुरुंगात, होता. फिर्यादीने मोटर ओळखली, पंच फितूर झाले नाहीत, आणि आरोपीच्या वकिलाने उलटतपासात विशेष काही विचारले नाही; शिक्षा होणार हे आम्हा सर्वांना दिसत होते. त्या दिवशीच्या सरकारी वकिलांनी मात्र मुद्देमालाची मोटर टेबलावर ठेवून घेतली, खिशातला रुमाल ओला करून तिच्या पत्र्याच्या पट्टीवरचा चिखल पुसला आणि तीवरचा क्रमांक मोठ्याने वाचला. फिर्यादीने दाखल केलेल्या खरेदीच्या पावतीवरचा क्रमांक वेगळा होता. त्यांनी तो फरक स्वतःहून न्यायालयाच्या निदर्शनास आणला आणि मी तो लिहून घेतला. मुलगा सुटला. तपासी अंमलदार त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि फिर्यादीने तर व्हरांड्यातच त्यांना वाटेल ते सुनावले.

त्यांनी मेहेरबानी केली असे समजू नकोस. फिर्यादी पक्षातर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलाने निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि त्याचे निरपराधित्व दाखवू शकेल असा पुरावा दडवू नये, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियमच सांगतात. तुझ्या सनदेबरोबर हे बंधन आलेले आहे.

आता जामिनाविषयी. 'आरोपी पळून जाईल, साक्षीदारांवर दबाव आणील' हे वाक्य मी इतक्या अर्जांवर पाहिले आहे, की ते कोणाविषयी लिहिले आहे याला काही अर्थच उरलेला नाही. ज्याचे घर, शेत आणि म्हातारे आईवडील त्याच गावात आहेत तो कोठे पळणार, हे तपासी अंमलदाराला विचार, तपासाच्या नोंदींची केस डायरी स्वतः वाच, आणि विरोधाला कारण सापडले नाही तर तसे लिही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे होते. त्यांतले किती तरी जण अशा छापील विरोधामुळे आत राहिले असणार, असे माझे मत आहे. मात्र मारहाण झालेल्या बाईला आरोपीकडून निरोप येत असतील, तर विरोध कर आणि निरोप कोणी, कधी, काय आणला ते सगळे त्यात घाल. कारण लिहिलेल्या विरोधाला न्यायाधीश वजन देतात. ठरावीक वाक्य ते पुढे वाचतही नाहीत.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. फसवणुकीच्या एका खटल्यातली म्हातारी फिर्यादी एस.टी.ने तीन तारखांना आली. दर वेळी ती पाच वाजेपर्यंत बाकावर बसली आणि दर वेळी तारीख पडली, ती मात्र तिला संध्याकाळी कळली. तिसऱ्या वेळी तर तारीख सकाळीच पडली होती. रोजनामा, म्हणजे खटल्याच्या रोजच्या कामाची नोंद, माझ्याच हाताखाली होता. उठून दोन शब्द सांगणे मला अवघड नव्हते, पण मी उठलो नाही. चौथ्या तारखेला पुकारा झाला तेव्हा ती आली नाही, पुढेही आली नाही, आणि पुराव्याअभावी आरोपी सुटला. आपण तिला 'साक्षीदार गैरहजर' असे नोंदवले, ही बोच मला अजून आहे.

म्हणून रोज अकराच्या आत व्हरांड्यात जाऊन तुझ्या बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीतल्या, साक्षीदारांना नावाने हाक मार, साक्ष होणार नसेल तर लगेच सांग, आणि ज्यांना येण्याजाण्याचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी भत्त्याचा अर्ज स्वतः दे. अर्जाचा जुना नमुना सोबत पाठवला आहे. कलम तेवढे नव्या संहितेप्रमाणे बदलून घे.

तुझे,
बाबा