सांगणारीच्या बाजूने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, स्वतःला ओळखायचं असेल तर मित्रमैत्रिणींना मोकळेपणाने विचारा, अशा आशयाचा लेख वाचला. म्हणणं मला पटलं. पण त्यात सगळं कौतुक विचारणाऱ्याच्या धैर्याचं होतं. ज्याला विचारलं जातं त्याच्यावर काय प्रसंग येतो, याबद्दल एक ओळही नव्हती. मी हे करून पाहिलं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी ६३ वर्षांची. चर्चगेटजवळच्या एका विमा कार्यालयात, हिशेब खात्यात ३४ वर्षं काढली आणि २०२२ साली निवृत्त झाले. राहायला अंधेरी पूर्वेला. मुंबईत नोकरी केलेल्या बाईला मैत्रिणी कुठे मिळतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमचा सात-आठ जणींचा ग्रुप विरार लोकलच्या लेडीज डब्यातला. गाडीतच भाज्या निवडल्या, हळदीकुंकू केलं, दसऱ्याला डब्याला तोरणं बांधली, एकमेकींच्या पोरांच्या दहावीच्या काळज्या वाहिल्या. त्यातली सगळ्यात जवळची माझी नालासोपाऱ्याची मैत्रीण. ती सुरुवातीला बसून यायची. अंधेरीला मी चढले की ती उठायची आणि मी बसायचे.

२६ जुलै २००५. मंगळवार होता. चर्चगेटला तसा काही पाऊस नव्हता. त्या दिवशी कुलाब्यात चोवीस तासांत ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातूनच कळलं. गाड्या रखडताहेत असं ऐकून आम्ही दोघी तीनला निघालो. गाडी खारच्या पुढे थांबली ती थांबलीच. अंधार पडायच्या आत उतरलो आणि चालत सुटलो. कुठे गुडघाभर, कुठे छातीपर्यंत पाणी, अनोळखी माणसांनी धरलेला दोर. माझ्या घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. तिचा सहा वर्षांचा मुलगा नालासोपाऱ्याला शेजाऱ्यांकडे होता. फोन बंद. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. ती दोन रात्री माझ्याकडे राहिली.

आता माझी चूक सांगते. ही हकीगत मी पुढची वीस वर्षं दर पावसाळ्यात सांगत आले. गाडीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत. सांगण्याची एक पद्धतच बसली होती. आधी पाणी, मग दोर, मग आमचं घर. सासूबाईंचा नारिंगी फुलाफुलांचा गाऊन मी तिला घालायला दिला, तो तिला दोन वेळा गुंडाळता आला असता, इथे पहिलं हसू. मग ती मोरीत जाऊन इतक्या मोठ्याने रडली की सासूबाई बाहेरून विचारायला लागल्या, ‘कोण गेलं गं?’ इथे मी तिच्या रडण्याची नक्कल करायचे, आणि सगळा डबा हसायचा. शेवटी, मी तिच्या उशाशी रात्रभर कशी बसून राहिले, ते. ही गोष्ट मी प्रेमाने सांगते असंच मला वाटायचं. ती शेजारीच असायची. तीही हसायची.

माझी भाची कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. गेल्या दिवाळीत तिने कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे चार घरांची एक खिडकी काढून दाखवली. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ती मांडली. दोघांच्या पहिल्या नावांचे तुकडे जोडून तिला जोहारी खिडकी म्हणतात. एका घरात आपल्याला आणि इतरांनाही माहीत असलेलं, दुसऱ्यात फक्त आपल्याला माहीत असलेलं, तिसऱ्यात इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही ते, आणि चौथ्यात कुणालाच माहीत नसलेलं. भाचीने तिसऱ्या घरावर पेन ठेवलं आणि म्हणाली, ‘मावशी, इथे तुझं काय आहे ते तुला मी नाही सांगू शकणार. तुझ्या गाडीतल्या मैत्रिणी सांगतील.’

मी त्याच रात्री ग्रुपवर टाकलं, ‘माझ्याबद्दल खरं खरं सांगा, मला राग येणार नाही.’ उत्तरात बदाम आले, हात जोडलेले आले, ‘तू आमची आधारवड’ असं आलं. नालासोपाऱ्याच्या मैत्रिणीने नुसतं फूल पाठवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, ‘असंच होणार होतं.’ वाईट बातमी ज्याची त्याला सांगायची वेळ आली की माणूस गप्प बसतो किंवा टाळतो, हे १९७० साली रोझेन आणि टेसर या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं आहे, असं तिने सांगितलं. आणि इथे तर मी आठ जणींच्या देखत विचारलं होतं. इतरांसमोर माझा दोष बोलून दाखवणारी आमच्यातली कोण निघणार होती? राग येणार नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांना माझा राग चांगला माहीत होता.

तिने आणखी एक सांगितलं, ते मला फार उपयोगी पडलं. १९९६ साली क्लूगर आणि डीनिसी या दोघांनी अशा शेकडो अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले, तर एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय दिल्यावर माणसाचं काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं होतं. मन हातातल्या कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याच्यावर गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ‘मी कशी आहे?’ हा प्रश्नच वाईट. त्याला एक तर कौतुकाचं उत्तर येतं, नाही तर घाव घालणारं. कुठलं तरी एक वागणं समोर ठेवून विचारावं.

जानेवारीत नालासोपाऱ्याची मैत्रीण माझ्याकडे आली. मेथीच्या चार जुड्या आणल्या होत्या. दोघी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून निवडायला बसलो. हात कामात आणि नजर भाजीवर असली की बायका जे बोलतात ते समोरासमोर बसून कधीच बोलत नाहीत. मी विचारलं, ‘मी तुझ्या बाबतीत असं काही करते का, जे मी थांबवलं तर तुला बरं वाटेल?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. एकेक काडी मोडत राहिली. कोवळे देठही पानांबरोबर घ्यायचे असतात, तर ती तेही टाकायला लागली. मग म्हणाली, ‘विचारतेस म्हणून सांगते. ते गाऊनचं सांगणं बंद कर.’

माझ्या तोंडून निघालंच, ‘अगं पण मी ते प्रेमाने...’ आणि तिचा चेहरा मिटला. मी तो मिटताना पाहिला. ‘हो, ते आहेच,’ असं म्हणून ती परत मेथीकडे वळली. तेव्हा मला कळलं की वीस वर्षांत ती हे सांगायला अनेकदा आली असेल आणि माझ्या ‘अगं पण’वरूनच परत गेली असेल. मी ओठ घट्ट मिटले. दोन जुड्या होईपर्यंत आम्ही दोघी गप्प. मग ती बोलली.

‘त्या रात्री माझा मुलगा गेला असं मी धरून चालले होते. तू घरात घेतलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दर पावसाळ्यात तू मला तो गाऊन परत घालायला लावतेस. आणि माझं ते रडणं करून दाखवतेस, माझ्यासमोर.’

ती गेल्यावर मला वाईट वाटलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मला राग आला. दोन दिवस मी मनात खतावणी उघडून बसले होते. तिच्या मुलाच्या ॲडमिशनला मी दिलेले पैसे, तिच्या ऑपरेशनला दिलेला डबा, तिच्या आईच्या वेळी काढलेल्या रजा. सगळं माझ्या बाजूला जमा. हिशेब खात्यातली बाई, एक नोंद सुटली नाही. आणि मग अंधेरीला उठणारी ती डोळ्यांसमोर आली. अंधेरी ते चर्चगेट तीस-पस्तीस मिनिटं, रोज, वर्षानुवर्षं, गर्दीत उभी. ही नोंद माझ्या वहीत कुठेच नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझ्या निरोप समारंभाचा व्हिडिओ काढून पाहिला. त्यात मी ती हकीगत सांगितली होती हे आठवत होतं. रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो, कारण बोलताना तो हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही आपल्या कानापर्यंत पोचतो आणि रेकॉर्डवर तो हाडांतला भाग नसतो. मला तो परका आवाज उपयोगी पडला. एक बाई दुसऱ्या बाईच्या रडण्याची नक्कल करते आहे, एवढंच ऐकू आलं. मागे ती उभी होती. लोक हसताना तीही हसत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी फोन केला आणि चुकलं म्हणून सांगितलं. ‘बरं’ म्हणाली. मग मेथीचे ठेपले कसे झाले ते विचारलं.

सिमीन वझीर यांच्या २०१० सालच्या संशोधनाबद्दल भाचीने मला नंतर सांगितलं. मनातली धास्ती, काळजी आपली आपल्यालाच जास्त कळते. पण हुशारीसारख्या ज्या गुणांवर आपलं चांगलं-वाईट ठरतं, ते आपल्यापेक्षा मित्रांना जास्त नेमके दिसतात. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. मला वाटतं, शेजारी निंदक नको, मैत्रीणच हवी, आणि ती खरं बोलली तर तिचं काही बिघडणार नाही एवढी तजवीज आपण करायला हवी. विचारणाऱ्याचं काय जातं? फार तर दोन दिवसांची झोप. सांगणारीची तीस वर्षांची मैत्री पणाला लागते. ती खोटं बोलली तर दोघी सुखात. खरं बोलली तर एकटीच्या जिवाला घोर, की आता ही रुसली, आता ग्रुपमध्ये काय सांगेल, मुलाच्या लग्नाला येईल की नाही.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. हा विषय पुन्हा घ्याल तेव्हा सांगणाऱ्याच्या बाजूने लिहा. चारचौघांत विचारू नका, हे लिहा. सासरच्या माणसाने सुनेला, साहेबाने हाताखालच्या माणसाला ‘मोकळेपणाने सांग’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, हेही लिहा. तिथे नाही म्हणायची सोयच नसते. आणि ज्याने सांगितलं त्याला वर समजूत काढायची पाळी येऊ देऊ नका. मैत्रिणीने दोष सांगावा आणि मग आपलेच डोळे पुसत बसावं, हे मी होताना पाहिलं आहे. पुढच्या वेळी ती सांगत नाही.

एक शेवटचं सांगते. या जूनमध्ये पहिल्या पावसात आम्ही सगळ्या दादरला भेटलो. ग्रुपमध्ये नव्याने आलेली एक तरुण मुलगी म्हणाली, ‘काकू, ते २६ जुलैचं सांगा ना, सगळ्या म्हणतात तुम्ही फार छान सांगता.’ सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, ‘ते हिचं आहे. हिला वाटलं तर ही सांगेल.’

मला वाटलं होतं ती टाळेल. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. पाणी तिने दोन वाक्यांत संपवलं. गाऊनचा उल्लेखही नाही. मुलाचं सांगितलं, शेजारणीने त्याला काय खाऊ घातलं ते सांगितलं. आणि म्हणाली, ‘हिच्या सासूबाई रात्रभर माझे पाय चेपत बसल्या होत्या. चालून सुजले होते ना. पहाटेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. ही दमून झोपली होती बिचारी.’

मी झोपले होते. वीस वर्षं मी तिच्या उशाशी बसून होते असं सांगत आले, आणि मला ते खरंच तसं आठवतं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. त्या घरात माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिल्या, ही हकीगत माझ्या तोंडून कितीदा तरी ऐकली असेल. कधी काही म्हणाल्या नाहीत.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये ही विनंती. ओळखीच्यांना माझ्या नावावरून माझी मैत्रीण कोण ते लगेच कळेल.

आपली,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
अंधेरी (पूर्व), मुंबई