मित्रास पत्र: ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं पोरीला सांगू नकोस

प्रिय सुध्या,

मेल मिळाला. फोनवर असल्या प्रश्नाचं काय उत्तर टाईप करणार, म्हणून आज रविवार गाठून लॅपटॉप उघडलाय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

काकू गेल्या त्यानंतर आपण दोनदा बोललो पण ते सगळं तिकीट, व्हिसा, काकांचं बीपी यावरच. मीराचं तू आत्ता सांगतोयस. तिच्या वर्गातल्या फिलिपिनो मैत्रिणीने सांगितलं तुझी आजी हेवनमध्ये आहे, पाकिस्तानी मुलगा म्हणाला नाही ती आत्ता वाट बघतेय, एक दिवस सगळे एकदम उठणार, आणि ती जैन मुलगी म्हणाली कुठेतरी ऑलरेडी जन्मली पण असेल! आणि मीराने घरी येऊन विचारलं की मग यातलं खरं कोणाचं. आणि तू काय सांगितलंस, तर बाळा शेवटी सगळे धर्म एकच सांगतात. आणि पोरगी म्हणाली, नाही बाबा, ते तिघं तीन वेगळं सांगत होते.

मी मीराच्या बाजूने आहे, सॉरी.

आपल्या पिढीला ते वाक्य शाळेतच पाजलंय, नद्या अनेक सागर एक वगैरे. हेतू चांगलाच होता, भांडू नका एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने झालं काय की समोरचा नेमकं काय मानतो ते ऐकूनच न घ्यायची सवय लागली. एकच आहे ना सगळं, मग विचारायचं कशाला. आणि मरणाचा विषय निघाला की हे सगळ्यात आधी उघडं पडतं, कारण तिथे धर्म गोलगोल बोलत नाहीत, चांगले स्पष्ट बोलतात.

मुळात फरक कुठे आहे माहितीये का, अडचण काय आहे यावरच एकमत नाही. ख्रिश्चन आणि मुसलमानांच्या दृष्टीने अडचण मरण ही आहे, आणि देव त्यातून माणसाला परत उठवणार हे आश्वासन. आपल्याकडचे जे धर्म आहेत, हिंदू बौद्ध जैन शीख, त्यांच्या दृष्टीने मरण ही अडचणच नाही, पुन्हा पुन्हा जन्माला यावं लागतं ही अडचण. आश्वासन काय, तर सुटशील. म्हणजे एकाला ज्याची भीती ते दुसऱ्याच्या हिशोबात कायमचं संपवता आलं तर बरंच. आणि याला आपण एकच म्हणायचं?

आता जरा एकेक घेतो, क्रम लावून नाही, जसं सुचेल तसं.

त्या फिलिपिनो मुलीचं बघ. ती हेवन म्हणाली, पण तिच्या चर्चमध्ये दर रविवारी जो क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतात त्यात शेवटाकडे आहे की आम्ही मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो. नुसता आत्मा वर जाऊन बसला असं नाही, शरीरासकट उठणं. बायबलमध्ये पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तर सरळ म्हटलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. शरीराचं एवढं महत्त्व म्हणून तर पुरणं. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती 1963 साली, आणि 2016 मध्ये पुन्हा बजावलं की राख विखरायची नाही, घरात पण ठेवायची नाही. पण वसईला दोन नोव्हेंबरला जाऊन बघ, लोक आपापल्या माणसाची कबर धुतात, फुलं मेणबत्त्या लावतात, आणि प्रार्थना करतात की परगेटरीतून, म्हणजे स्वर्गाआधी पापं धुऊन काढायच्या मधल्या अवस्थेतून, लवकर सुटका होवो. प्रोटेस्टंट म्हणतील परगेटरी बायबलमध्ये कुठेय दाखव. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट वेगळे झाले त्या लूथरचं 1517 चं भांडण आठव, तिथली शिक्षा कमी करून देण्याच्या नावाखाली चाललेल्या पैशाच्या धंद्यावरूनच पेटलं ते. म्हणजे एका धर्माच्या आत पण एक उत्तर नाही.

पाकिस्तानी मुलगा बरोबर बोलला. माणूस गेला की कयामतपर्यंतचा मधला काळ, त्याला बरझख म्हणतात. कबरीत मुनकर आणि नकीर असे दोन फरिश्ते येऊन विचारतात, तुझा रब कोण, दीन कोणता, नबी कोण. पुढे तराजूत कर्मं तोलली जाणार, मग जन्नत किंवा जहन्नम. एकच आयुष्य, एकच पेपर, एटीकेटी नाही. म्हणून ते गेल्याची बातमी ऐकली की इन्ना लिल्लाहि म्हणतात, आम्ही अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परत जाणार. मला यातला साधेपणा फार आवडतो, कफन राजाला पण तेच आणि हमालाला पण तेच. पण इथेही बघ, आपल्या कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत फातिहा, चाळिसावा करतात, आणि अहले हदीसवाले, म्हणजे कुराण-हदीसबाहेरच्या प्रथा न मानणारे, म्हणतात ही बिदअत आहे, नंतर घुसवलेलं आहे, बंद करा.

जैन मुलीचं तर शास्त्रशुद्ध आहे. जीव शरीर सोडतो तो काही समयातच पुढच्या जन्मात पोचतो, आणि समय म्हणजे त्यांच्याकडे काळाचा बारीकातला बारीक तुकडा. मध्ये भटकणं वगैरे काही नाही. म्हणून मूळ जैन विचारात श्राद्ध बसतच नाही. खाणार कोण? ज्याला वाढायचं तो दुसऱ्या कोणाच्या तरी पोटी आलाय. लॉजिक म्हणून बघितलं तर एकदम पक्कं.

आणि आता आपलं. आपण इतकी वर्षं पिंड ठेवतोय आणि कावळा शिवतोय का बघतोय, पण कधी विचार केलास का की पुनर्जन्म मानायचा आणि पितरांना जेवण पण घालायचं हे दोन्ही एकत्र कसं? गीता म्हणते जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा आत्मा देह बदलतो. मग काकू नवे कपडे घालून गेल्या तर दहाव्याला नदीवर येतं कोण? याचं उत्तर मला इतिहासातच सापडतं. ऋग्वेदात पुनर्जन्म जवळजवळ नाहीच. तिथे यम आहे, मरणाऱ्यांत पहिला, त्याने वाट शोधली आणि बाकीचे त्याच्या मागून पितरांकडे जातात. जेवण घालणं त्या जुन्या कल्पनेतलं. पुनर्जन्माचं नीट सांगितलेलं उपनिषदांत येतं. छांदोग्यात प्रवाहण जैवली नावाचा राजा गौतमाला शिकवतो, आणि वर ऐकवतो की ही विद्या तुझ्याआधी कुठल्या ब्राह्मणाकडे गेलेली नाही (हे वाचताना मला दरवेळी मजा येते). त्यात वाट अशी आहे की धुरातून पितृलोक, तिथून चंद्र, मग परत ढग, पाऊस, आणि पावसातून तांदूळ, जव, तीळ, उडीद. ते कोणीतरी खातं आणि तिथून पुढचा जन्म. म्हणजे पिंडात जे तांदूळ आणि तीळ घालतो तीच ती वाट! नवं आलं म्हणून जुनं टाकलं नाही, दोन्ही एकाच ताटात वाढलं. हा गोंधळ आहे असं म्हणणारे म्हणोत, मला तो आपला स्वभावच वाटतो.

टाकणारेही होते पण. चार्वाक म्हणाले देह जळून राख झाला, आता परत येणं कुठलं. आणि बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात स्वच्छ आहे, मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. म्हणजे आपल्याच भाषेत बोलणारी लाखो माणसं, आपल्या शेजारची, दहावा तेरावा सोडून पुण्यानुमोदन (गेलेल्याच्या नावाने पुण्य वाटून घेण्याचा विधी) करतात, त्रिशरण पंचशील म्हणतात, आणि आपल्याला त्यातलं काही माहीत नसतं. बुद्धाचं तर आणखीनच अवघड, कायम टिकणारा आत्मा नाही आणि तरी पुढचा जन्म आहे. मिलिंद नावाच्या ग्रीक राजाने नागसेन भिक्खूला हेच विचारलं, तर तो म्हणाला, रात्रभर दिवा जळतो, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकही नाही आणि वेगळीही नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये याचा वेगळाच अर्थ लावला, शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं जगातल्या साठ्यात परत जातात आणि पुन्हा आकार घेतात, आत्म्याचा काही संबंध नाही. तिबेटी लामा हे मान्य करणार नाहीत. परत तेच, एका धर्मात दोन उत्तरं.

तुला इस्रायल आळी आठवते ना अलिबागची? मागेन अबोथ सिनेगॉग, तिथल्या ज्यूंचे शनिवारी बंद असणारे तेलाचे घाणे, ज्यावरून त्यांना शनवार तेली म्हणायचे. आपल्या लहानपणीच थोडी घरं उरली होती, बाकीचे इस्रायलला गेले. ज्यू लोकांचं मला फार विशेष वाटतं. तोरामध्ये मेल्यानंतरचं जवळपास काहीच नाही, देवाला जिवंत माणसाने कसं वागावं यातच जास्त रस. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्यातले सदूकी म्हणायचे पुनरुत्थान नाही आणि परूशी म्हणायचे आहे, आणि दोघं एकाच मंदिरात जायचे. आईबाप गेल्यावर कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात, त्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. आणि ती अकराच महिने म्हणायची. का, तर नरकातली शिक्षा जास्तीत जास्त बारा महिने, ती पण दुष्ट माणसाला, मग पूर्ण बारा महिने म्हटलं तर माझा बाप दुष्ट होता असं जगाला सांगितल्यासारखं होईल. काय अदब आहे बघ!

नरकाचाच विषय निघालाय तर, मीराला गरुडपुराण अजिबात ऐकवू नकोस, तेराव्यापर्यंत आमच्या घरी वाचलं होतं, मला रात्री झोप लागली नव्हती. पण एक आहे, आपला नरक कितीही भयंकर असला तरी कधीतरी संपतो. बौद्धांचा, जैनांचा पण संपतो, फक्त आकडे पाठ होणार नाहीत एवढी वर्षं. बहुतेक चर्चेसचा संपत नाही. इस्लाममध्ये बहुतेक उलेमा मानतात की ईमान असलेला पापी शेवटी बाहेर येतो. आणि पारशी, सगळ्यात आशावादी मंडळी ती. चौथ्या पहाटे आत्मा चिन्वत पुलावर येतो, चांगल्याला पूल रुंद होतो, वाईटाला सुरीच्या धारेसारखा होऊन खाली पाडतो, पण जगाच्या शेवटी सगळं शुद्ध होणार आणि नरक पण बंद पडणार. अग्नी, पाणी, माती बाटवायची नाही म्हणून त्यांनी देह गिधाडांना दिला. आणि तिथे काय आडवं आलं तर डायक्लोफेनॅक, जनावरांना देतात ते दुखण्यावरचं औषध, ते घेतलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं. नव्वदच्या दशकात गिधाडं साफ झाली, औषधावर जनावरांसाठी बंदी आली 2006 मध्ये, तोवर डुंगरवाडीचं, म्हणजे मुंबईत जिथे पारशी देह ठेवतात तिथलं, आकाश रिकामं. आता काही पारशी वरळीला दहन करतात आणि त्यावरून समाजात जोरदार वाद आहेत. श्रद्धा एका गोळीवर अडकली की काय होतं त्याचं हे उदाहरण, आणि मला त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं.

तू म्हणशील अरे मग सारखं काहीच नाही? आहे की. दिवस मोजणं जवळजवळ सगळीकडे आहे. पारशांचे मुक्तादचे दिवस आणि आपला पक्ष, फुलं आणि जेवण आणि गेलेले घरी येतात ही भावना, दोन्ही शेजारी ठेवले तर चुलत भाऊ वाटतील. पण त्यावरून लगेच शेवटी सगळे एकच असं म्हणू नकोस, कारण जैन आणि बाबासाहेबांच्या वाटेने गेलेले बौद्ध मुद्दाम पितरांना जेवण घालत नाहीत आणि त्यांचं न करणं हीच त्यांची श्रद्धा आहे.

आणि सगळ्यात वाकडे निघाले ते आपले तुकोबा. सगळा देश जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला धडपडतोय आणि हा माणूस म्हणतो ‘तुका म्हणे गर्भवासीं । सुखें घालावें आम्हांसी’. मोक्ष नको, परत जन्माला घाल, फक्त तुझा विसर पडू देऊ नको आणि संतांची संगत दे. हे कीर्तनाच्या शेवटी आपण एवढ्यांदा म्हटलंय की अर्थाकडे लक्षच जात नाही. काकू रोज संध्याकाळी म्हणायच्या, म्हणजे त्यांना नेमकं काय हवं होतं ते त्यांनीच सांगून ठेवलंय. मीराने विचारलं तर हे सांग, आपली आजी हे मानायची. खरं कोणाचं ते मला माहीत नाही असं पण सांग, त्यात लाज कसली. कठोपनिषदात नचिकेत पण पोरगाच आहे आणि यमाला हाच प्रश्न विचारतो, की मेल्यावर माणूस असतो म्हणतात काही आणि नसतो म्हणतात काही. तर खुद्द यम म्हणतो बाबा रे देवांना पण यात शंका होती, दुसरं काहीतरी माग. हत्ती घोडे देऊ करतो. पोरगा ऐकत नाही. तुझी पण ऐकणाऱ्यातली दिसत नाही.

बाकी पक्षाचं विचारलंस. आमच्याकडे पहिल्या वर्षी करत नाहीत, वर्षश्राद्ध झाल्यावर पुढच्या वर्षीपासून, पण गुरुजींमध्येच दोन मतं आहेत, तू काकांना विचार आणि ते म्हणतील तसं कर. काका असताना काकू गेल्या म्हणजे अविधवा नवमी. कावळ्याचं टेन्शन नको घेऊ, टोरांटोत कावळे ढीगभर आहेत, फक्त बाल्कनीत ठेवलेलं शेजाऱ्यांना चालेल का तेवढं बघ. अळू इंडियन स्टोअरमध्ये मिळेल. आणि त्या तीन पोरांना एकदा जेवायला बोलव ना घरी, जैन मुलीला कांदा लसूण बटाटा नको, पाकिस्तानी मुलासाठी व्हेजच कर म्हणजे हलालचा प्रश्न नाही, फिलिपिनो मुलीला तिखट झेपतं का आधी विचार.

मीराला सांग मला डायरेक्ट लिही, इंग्रजीत चालेल.

तुझा,
बंड्या