बोल्ट कुठल्या चॅप्टरचा? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सविनय नमस्कार.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर टेबलावर एक बोल्ट आहे. लांबी साधारण मधल्या बोटाएवढी. एका टोकाला चपटे गोल डोके, डोक्याखाली पेरभर भागात उभे बारीक दाते आणि तिथून टोकापर्यंत आटे. दात्यांचा भाग चाकाच्या हबमध्ये प्रेसखाली दाबून बसवतात, म्हणजे नट आवळताना बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. आम्ही याला व्हील बोल्ट म्हणतो. गेली कित्येक वर्षे माझ्या वर्कशॉपमधून तो जातो आहे आणि तो नक्की काय आहे, हे सरकारकडून मला आजतागायत ठामपणे कळलेले नाही.

2018-19 मध्ये ज्या कारखान्याला आम्ही हा माल देत होतो, त्यांच्या पर्चेस ऑर्डरवरच एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या वर्गीकरणाचा कोड, 7318 छापलेला असायचा. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर. 7318 म्हणजे लोखंड-पोलादाचे स्क्रू, बोल्ट, नट, रिव्हेट, वॉशर. दर 18 टक्के. आम्ही त्याच कोडने बिले केली, कर भरला, रिटर्न भरले. पुढे तपासणी झाली. आलेले अधिकारी सभ्य होते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी बोल्ट हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारले, "हा दुसऱ्या कशात बसेल का?" मी खरे ते सांगितले. आटे प्रमाण मापाचे आहेत, त्या मापाचा कुठलाही नट बसेल. दाते मात्र त्याच हबसाठी कापलेले आहेत. या उत्तरातल्या दुसऱ्या वाक्यावर नोटीस आली: हा बोल्ट नव्हे, मोटारगाडीचा भाग आहे, हेडिंग 8708, दर 28 टक्के.

महोदया, त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. कायद्यातच दोन्ही उत्तरांना जागा आहे. टॅरिफच्या, म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकाच्या, पंधराव्या (धातूंच्या) सेक्शनच्या टिपेत 7318 मधल्या वस्तूंना 'सर्वसाधारण वापराचे भाग' म्हटले आहे आणि सतराव्या (वाहनांच्या) सेक्शनची टीप सांगते की असे भाग गाडीसाठी बनवलेले असले तरी गाडीच्या सुट्या भागांत धरायचे नाहीत. एवढे वाचून कोणीही 7318 म्हणेल. पण 2003 साली जी. एस. ऑटो इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोटारगाड्यांसाठीच बनवलेल्या नट-बोल्टना 8708 मध्ये बसवले. तो निकाल अबकारीच्या, म्हणजे जीएसटीआधीच्या उत्पादनावरील कराच्या, काळातला. जीएसटीच्या दरपत्रकाला सीमाशुल्क टॅरिफच्याच टिपा आणि अर्थ लावण्याचे नियम लागू असल्यामुळे तो आजही आमच्या फाइलमध्ये येऊन बसतो. जानेवारी 2022 मध्ये वाहनांच्या भागांबद्दल केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने अधिकाऱ्यांना सूचना काढली, पण तिचाही रोख प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर तपासा असाच होता. मला माझ्या बोल्टचे उत्तर हवे होते. ते मिळाले नाही.

हा घोळ नवा नाही. जुन्या अबकारी दरपत्रकात 1975 साली 'बाब 68' आली. जे दुसऱ्या कुठे बसत नाही ते सगळे तिच्यात. त्याच वर्षी डनलॉप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, ज्या वस्तूला नाव असलेल्या बाबीत रास्त जागा आहे, तिला उरलेल्यांच्या अनाथाश्रमात ढकलणे वर्गीकरणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. तरीही ओतीव माल, फोर्जिंग, त्यांवर केलेले मशीनिंग यांवरून पुढे वर्षानुवर्षे भांडणे झाली. 1985 च्या केंद्रीय अबकारी टॅरिफ कायद्याने आंतरराष्ट्रीय पद्धतीची रचना आणली, 1986 पासून ती लागू झाली. दर मात्र वेगवेगळेच राहिले. 2000 च्या अर्थसंकल्पात 8, 16 आणि 24 टक्क्यांचे मूळ दर मोडून एकच 16 टक्के सेनव्हॅट (केंद्रीय मूल्यवर्धित कर) झाला. चॅप्टर 73 (लोखंड-पोलादाच्या वस्तू) आणि 87 (वाहने व त्यांचे भाग) यांचा मूळ दर एकच झाल्यावर बोल्ट कुठल्या चॅप्टरचा, यावर नोटीस काढण्यात फारसे हशील उरले नाही.

महोदया, या पत्रातला मुख्य मुद्दा तोच आहे. हातात सतरा वर्षे होती. त्या काळात 73 आणि 87 मधली हद्द शांतपणे आखता आली असती, तिजोरीला त्याची झळ लागली नसती. कोणी ती आखली नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, एका बाजूला 18 आणि दुसऱ्या बाजूला 28, आणि जुना वाद जसाच्या तसा उठून उभा राहिला. त्यात माझ्यासारखे सापडले.

आता 22 सप्टेंबर 2025 पासून 8708 सुद्धा 18 टक्क्यांवर आले आहे. तुमच्या अध्यक्षतेखालील जीएसटी परिषदेचा तो निर्णय आम्हाला मोठा दिलासा आहे, मनापासून आभार. पण दर पुन्हा कधी वेगळे होतील हे कोण सांगू शकते? बोल्टच्या बाबतीत दोन्हीकडे 18 आहेत तोवर हद्द आखून घ्या.

ट्रॅक्टरच्या मालात तर फट पुन्हा पडलीच आहे. त्याच दिवसापासून ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन हाउसिंग 5 टक्क्यांत आले. शेतकऱ्यासाठी ते योग्यच झाले. पण फाउंड्रीतून जे निघते ते बिडाचे कच्चे ओतीव असते: रायझर (ओतताना राहिलेला जादा धातू) कापलेला, कडा घासलेल्या, भोके अजून पाडायची, तोंडे मिलिंग करायची. ओतीव वस्तू म्हणून ते 7325 मध्ये, 18 टक्के. आणि अर्थ लावण्याच्या नियम 2(अ) प्रमाणे अपुऱ्या वस्तूत पुऱ्या वस्तूचे मूळ रूप आले असेल, तर तिला पुरी वस्तूच धरायचे, म्हणजे 8708 आणि 5 टक्के. मूळ रूप नक्की कधी येते? साच्यातून बाहेर पडताना, की बोरिंग झाल्यावर? पाच टक्क्यांनी बिल करणाऱ्या फाउंड्रीला तीन वर्षांनी नोटीस येण्याआधी या प्रश्नाचे उत्तर आले पाहिजे.

भांड्यांतही हेच दिसते. 18 जुलै 2022 पासून 8215 मधले चमचे आणि डाव 18 टक्क्यांवर गेले, तेव्हा पातेले 7323 मध्ये 12 वर होते. आज पातेले 5 वर आहे. एकाच पत्र्यातून, एकाच प्रेसवर निघणाऱ्या वस्तू आहेत या.

"ॲडव्हान्स रूलिंग घ्या ना," असे आम्हाला सांगितले जाते, म्हणजे वर्गीकरणावर प्राधिकरणाचा आगाऊ निर्णय. घेतोही. पण जीएसटी कायद्याच्या कलम 103 प्रमाणे ते अर्जदारावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरच बंधनकारक असते. शेजारच्या शेडमध्ये तोच बोल्ट करणाऱ्याला त्याचा आधार नाही आणि दुसऱ्या राज्यात नेमके उलटे रूलिंग येऊ शकते. आता जीएसटी अपील न्यायाधिकरणाचे मुख्य पीठच अशा रूलिंगांसाठीचे राष्ट्रीय अपील प्राधिकरण म्हणून काम पाहणार आहे. तिथे धातूच्या मालाचे प्रश्न आधी घ्या.

माझी नोटीस कलम 74 खाली होती, म्हणजे दडवणुकीचा आरोप. महोदया, जो कोड प्रत्येक बिलावर छापला आणि रिटर्नमध्ये भरला, तो मी दडवला कसा? हा शब्द फार महाग पडतो. मुदत पाच वर्षांची होते. वर दंड आणि 18 टक्के व्याज. शिवाय या कलमाखाली भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, गिऱ्हाइकाला मिळत नाही, मग तो फरक मला कशाला देईल? वेळेवर 28 टक्के लावले असते तर तेच पैसे त्याला क्रेडिट म्हणून मिळाले असते, तिजोरीत निव्वळ भर काहीच पडली नसती. व्याज आणि दंड माफ करणारी कलम 128अ ची योजना आली तेव्हा मी आशेने वाचली. ती कलम 73 च्या, म्हणजे दडवणुकीचा आरोप नसलेल्या, नोटिशींसाठी होती. दडवणुकीचा शिक्का असल्यामुळे माझ्यासाठी ते दार बंद राहिले.

म्हणून मागणे असे आहे. चॅप्टर 73 आणि 76 (ॲल्युमिनियमच्या वस्तू) यांची हद्द 84 (यंत्रे), 85 (विजेची उपकरणे) आणि 87 शी जिथे जिथे भिडते, तिथे मंडळाने चित्रांसह परिपत्रक काढावे. हा बोल्ट इथे, तो तिथे, आणि का. ते सर्वांना सारखे लागू असावे आणि मराठीसह प्रादेशिक भाषांत निघावे, कारण बिल करणारा मुलगा बारावी पास आहे आणि कोड तोच टाकतो. जिथे कोड बिलावर उघड आहे आणि वाद फक्त वर्गीकरणाचा आहे, तिथे दडवणुकीचे कलम लावू नये, अशी स्पष्ट सूचना द्यावी. आणि 2017 ते 2025 मधली 18 विरुद्ध 28 ची जी प्रकरणे गिऱ्हाइकाला पूर्ण क्रेडिट मिळाले असते अशा मालाची आहेत, ती 'जसे भरले तसे' या तत्त्वावर मिटवावीत. परिषदेने इतर काही वस्तूंच्या बाबतीत असे पूर्वी केले आहे.

परिपत्रकाच्या कामासाठी कोणाला नमुने हवे असतील, तर हा दात्यांचा बोल्ट, त्याच मापाचा बिनदात्यांचा साधा बोल्ट आणि ट्रॅक्टर हाउसिंगचे एक कच्चे ओतीव, तिन्ही ड्रॉइंगसह पाठवायची माझी तयारी आहे. वाहतूक माझ्याकडे.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक