उघड्या खिडकीमागची झोप

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर चांगल्या झोपेसाठी खोली कशी असावी यावरचे लेख येऊ लागतात. खोली अंधारी, शांत आणि थंड असावी, तापमान अठरा-वीस अंशांच्या आसपास राखावे, असा त्यांचा एकंदर सूर असतो. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नाही. मात्र अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, काही रात्री पारा ३० अंशांखाली उतरत नाही आणि इथल्या असंख्य घरांत वातानुकूलन यंत्र नाही. खिडकी उघडी टाकल्याशिवाय तिथे डोळा लागत नाही, आणि खिडकी उघडली की रस्त्यावरचा दिवा, लग्नाच्या वरातीचा डीजे, गाड्यांचे भोंगे आणि डास हे सारे त्याच वाटेने आत येतात. झोपेची खोली नीट करायची तर घराइतकेच गल्लीकडे आणि नगरपालिकेकडेही पाहावे लागेल, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

झोप लागताना शरीराचे आतले तापमान साधारण एका अंशाने उतरते. ही उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते आणि तिला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर झोप लागतच नाही किंवा वारंवार मोडते. स्वप्ने पडण्याच्या टप्प्यात तर शरीराची तापमान सांभाळण्याची क्षमता बरीच मंदावलेली असते, त्यामुळे उकाड्याचा फटका त्या झोपेला अधिक बसतो. सकाळी अंग जड वाटणे, चिडचिड होणे, कामात लक्ष न लागणे या तक्रारी आपण ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडून देतो, पण त्यांतल्या बऱ्याच खरे म्हणजे रात्रीच्या असतात.

बांधकामाच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष प्रथम छताकडे जाते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी, नेमका आपण अंथरुणावर पडण्याच्या वेळी, ती उष्णता खाली सोडू लागतो. रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत छताला हात लावला तर तो अजून तापलेला लागतो, आणि त्याच छताखालची गरम हवा पंखा आपल्या अंगावर ढकलत असतो. टिनाची खोली दिवसा असह्य होते, पण पत्रा पातळ असल्यामुळे रात्री लवकर निवते. स्लॅबचे तसे नाही. मराठवाड्यातल्या मातीच्या छताच्या जुन्या माळवदांना किंवा कौलारू घरांना हा त्रास इतका नव्हता. ती घरे परत आणता येणार नाहीत, पण स्लॅबवर ऊन पडू न देणे किंवा पडलेले परतवणे अजूनही आपल्या हाती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची स्वच्छ धुऊन तिच्यावर चुन्याचे दोन-तीन हात दिले, किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावला, तर खालच्या खोलीत जाणवण्याइतका फरक पडतो. अट एवढीच की धूळ साचून तो पांढरेपणा मळू देऊ नये. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याचा उपायही गुणकारी आहे, पण काटेपूर्णा धरणाच्या पाण्याची वाट पाहत दिवस काढणाऱ्या अकोलेकरांना तो सुचवण्याचा धीर मला होत नाही. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. आपल्या राज्यातही घरकुल योजनांच्या प्रत्येक छताला पांढरा लेप बंधनकारक करायला हवा, कारण ज्यांना पुढे वातानुकूलन परवडणार नाही त्यांच्यासाठीच ती घरे बांधली जातात.

खिडकी केव्हा उघडायची, हेही आपण विसरत चाललो आहोत. सकाळी ऊन चढू लागले की खिडक्या-पडदे लावून घ्यावेत आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच, म्हणजे बहुधा रात्री, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. पुष्कळ घरांत नेमके उलटे घडते. कूलरबाबतही तसेच. कूलर कोरड्या हवेवर चालतो आणि त्याने आत फेकलेली ओलसर हवा बाहेर जायला दुसरी वाट लागते. दार-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि मग कूलरलाच दोष दिला जातो. तो खिडकीबाहेर स्टँडवर बसवावा, ताट्या दरवर्षी बदलाव्यात आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. कोकणात आणि मुंबईत हवाच दमट असल्याने कूलरचा उपयोग नाही. तिथे दोन्ही बाजूंनी वारा खेळणे हाच आधार.

अंथरुणाविषयी थोडेच लिहितो. आपण कापसाच्या पट्ट्यात राहतो आणि रेक्झिनमध्ये गुंडाळलेल्या फोमच्या गाद्यांवर घामाघूम होऊन झोपतो, याचे वाईट वाटते. वर्षाआड पिंजून घेतलेली, अधूनमधून उन्हात टाकलेली कापसाची गादी आणि वर सुती चादर यांची बरोबरी उन्हाळ्यात दुसरे काही करत नाही. गच्चीवर बाज टाकून झोपण्याची आपली जुनी सवयही शहाणपणाची होती. गृहसंस्थांनी एप्रिल-मे महिन्यांत रात्री गच्चीला कुलूप घालू नये, अशी माझी विनंती आहे.

आता खिडकीबाहेरचे. डोळ्यांवर रात्री पडणारा प्रकाश, विशेषतः पांढऱ्या दिव्यांतला निळसर अंश, शरीरात झोपेची वेळ सांगणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती रोखतो. यावर जाड पडदे लावा असे सांगितले जाते. पण जाड पडदा वाराही अडवतो. उकाडा आणि उजेड यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ रहिवाशांवर येऊ द्यायची नसेल, तर दिव्यालाच वरून झाकण हवे, त्याचा झोत फक्त रस्त्यावर पडायला हवा आणि वस्तीत पिवळसर छटेचे दिवे हवेत. रस्ता उजळ असावा ही सुरक्षिततेची गरज मला मान्य आहे. पहिल्या मजल्यावरच्या पाळण्यावर प्रकाश पाडल्याने ती भागत नाही.

आवाजाचेही तेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे; राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सवलत देऊ शकते. निवासी भागात रात्री भोंगा वाजवायलाही याच नियमांनी मनाई केली आहे. रामलीला मैदान प्रकरणी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपेला जगण्याच्या हक्काचा भाग मानले. नियम आहेत, निकाल आहे, पण लग्नसराई आणि खिडक्या उघड्या ठेवण्याचे दिवस एकच असल्याने वरातींचा सगळा गोंगाट उशाशी येतो. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षा देणारी मुले, बाळंतिणी, आजारी माणसे यांनी तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध? बहुधा शेजाऱ्याविरुद्धच, म्हणून ती होत नाही. पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता मंगल कार्यालयांवर स्वतःहून लक्ष ठेवावे.

वातानुकूलन परवडणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात विकली जाणारी घरगुती यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, आणि पंख्याच्या साथीने तेवढे तापमान झोपेला पुरते. खोली याहून थंड करण्यासाठी यंत्र जितके राबते, तितकी जास्त उष्णता बाहेरच्या भागातून शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीकडे फेकली जाते. तो भाग बसवताना समोर कोणाची खिडकी आहे, हे पाहायला हवे.

घरात सर्वांत शेवटी अंथरुणाला पाठ टेकणारी आणि सर्वांत आधी उठणारी बाई एका खोलीच्या संसारात चुलीच्या नाहीतर गॅसच्या धगीतच झोपते, हे उष्णतेविषयीच्या कोणत्याही आराखड्यात मला दिसलेले नाही. आपले उष्माघात प्रतिबंधक आराखडे दुपारभोवती फिरतात: कामाच्या वेळा, पाणपोया, दवाखान्यातली थंड खोली. हे सारे आवश्यक आहे. पण भारतीय हवामान विभाग ‘उष्ण रात्र’ही जाहीर करतो. दिवसाचे तापमान ४० अंश किंवा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून वर गेले की तो इशारा लागू होतो. अशा रात्री देखभालीसाठी वीज बंद ठेवू नये आणि मंगल कार्यालयांसमोर गस्त वाढवावी, एवढे तरी जिल्हा प्रशासनाने त्या इशाऱ्याशी जोडून घ्यावे.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. उन्हाळ्यात कमाल तापमानाचा आकडा पहिल्या पानावर ठळक छापला जातो. त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, आदल्या रात्रीचे किमान तापमान आणि ते सरासरीपेक्षा किती अंशांनी जास्त होते, हेही रोज छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, अकोला