रंग सरकलेला सिनेमा

बेळगाव,
रविवार, ६ ऑगस्ट २०२३

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, स्पायडरमॅन शेवटी कसा वाटला ते सांगितलंच नाही,’ आणि मी म्हणालो, ‘बरा आहे.’ त्यावर तू हसलीस ते मला जरा लागलं. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’सारख्या दोन तास वीस मिनिटांच्या सिनेमाला दोन शब्द! पण फोनवर माझं असंच होतं. समोर आई उभी, मागे मशीन चालू, आणि तुझ्या बाजूला बंगळूरचे हॉर्न. आज छापखाना बंद आहे, अधिक महिन्याचा पाऊस धरून बसलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

कागद जुना आहे, त्याला हसू नकोस. २०१४ च्या नोव्हेंबरात गावाचं नाव बेळगावी झालं तेव्हा आपण नवे लेटरपॅड छापले. जुन्यांचे गठ्ठे उरले ते मी घरच्या पत्रांना वापरतो.

आधी एक कबुली. जूनमध्ये तू परत गेल्यावर मी तो सिनेमा आणखी एकदा पाहिला, एकटाच, या खेपेला इंग्रजीत. आईला सांगितलं की कागदाच्या रिमांचं बघून येतो. आपण दोघं गेलो तेव्हाच ती म्हणाली होती, ‘ह्या वयात कार्टून बघायला काय जातासा?’ दुसऱ्यांदा सांगायची छाती झाली नाही. हे तिला कळू देऊ नकोस.

दुसऱ्यांदा गेलो ते रंगासाठी. पहिल्या वेळी सुरुवातीची दहा मिनिटं मला वाटलं होतं की प्रोजेक्टर बिघडलाय. मागच्या इमारतींचा लाल एकीकडे, निळा एकीकडे. मी ऑपरेटरला सांगायला उठलो होतो, तू शर्ट धरून खाली बसवलंस. अगं, या एका गोष्टीपायी मी जन्मभर माणसांवर ओरडलोय. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, चार प्लेटांचे चार रंग एकावर एक बसले पाहिजेत. केसभर रजिस्ट्रेशन गेलं तर पत्रिकेवरच्या गणपतीचं गंध भुवईवर येतं, आणि गिऱ्हाईक दारात. आणि ही माणसं लांबची वस्तू धूसर दाखवायची तर धूसर करत नाहीत, प्लेटा सरकवल्यासारखे रंग मुद्दाम फोडतात! २०१८ च्या पहिल्या भागातही हेच केलं होतं म्हणे, आणि त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं. ज्या चुकीपायी मी शंभर-शंभर शीट रद्दीत घातले तिला ऑस्कर.

त्यात जगं अनेक, प्रत्येकात वेगळा स्पायडरमॅन, आणि प्रत्येक जगाची छपाई वेगळी आहे. ग्वेन ही त्यातलीच एक कोळीपोर, तिच्या जगात जलरंग, तिचं मन बिघडलं की भिंती ओघळायला लागतात. तो गिटारवाला होबी तर कात्रणं चिकटवून केलेल्या हँडबिलासारखा, त्याची कडा एका चालीने हलते आणि आतला रंग दुसऱ्या. खलनायक म्हणजे हाफटोनचा, छापील चित्रातल्या बारीक ठिपक्यांचा, एकेक डॉट मोठा होऊन माणसं गिळायला लागला तर जे होईल ते. कॉमिकमध्ये हा स्पॉट निव्वळ हसण्यावारी नेलेला गडी होता. इथंही तो एटीएम फोडताना धडपडतो, पण पुढे पुढे त्याची खरंच भीती वाटते. हे मला फार आवडलं.

आणि तो लेगोचा तुकडा. टोरांटोच्या एका १४ वर्षांच्या पोराने ट्रेलर घरी बसून लेगोच्या विटांत करून टाकला, तर निर्मात्यांनी त्यालाच बोलावून सिनेमातलं काम दिलं, हे तू सांगितलेलं मी आईला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, ‘त्याच्या घरात छापखाना नसंल.’

मुंबॅटन, म्हणजे भारतीय स्पायडरमॅनचं शहर, आलं तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. त्या शहराची चित्रं सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून बेतलीत हे तू मध्यंतरात सांगितलंस, पण मला आधीच काहीतरी ओळखीचं लागत होतं. तो पिवळा, तो विटका गुलाबी. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. मधली वर्षं म्हणजे माझं लहानपण, आणि तुझ्या आज्जाच्या मते माझी बरबादी. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, १९७६ पासून आपला बहादूर. वेताळाच्या चड्डीचे पट्टे आणि त्या पट्ट्यांचा रंग कधी एका जागी सापडायचे नाहीत. आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट रंग रेघेबाहेर गेला की वेताळ जोरात पळतोय असं वाटायचं. छापखान्यात उभा राहिलो त्या दिवसापासून हे विसरलो होतो, ते त्या अंधारात आठवलं.

आणखी एक तुला कधी सांगितलं नसेल. शेजारच्या घरात कन्नड इंद्रजाल यायचं. चित्रं तीच, फुग्यांतली अक्षरं वेगळी. मराठी अंक मांडीवर आणि कन्नड अंक समोर, असं करत मी कन्नड वाचायला शिकलो. शाळेतल्या कन्नडच्या सरांना वाटायचं त्यांनी शिकवलं. आज पत्रिकेच्या कन्नड बाजूचं प्रूफ मी कुणाच्या हाती देत नाही ते त्या वेताळाच्या जिवावर. अमेरिकन अंक मात्र कॅम्पातल्या रद्दीत. लष्करातल्या साहेबांच्या बंगल्यांतून गठ्ठे यायचे, किलोवर घ्यायचे, आणि कथेचा पुढचा अंक मिळेलच अशी आशा धरायची नाही.

आता गंमत बघ. हा सिनेमा आपल्या देशात दहा भाषांत आला, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही. आणि ज्या गावात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून दगड उचलले जातात, तिथं आपण बापलेकींनी तो पाहिला हिंदीत. मुंबॅटनच्या स्पायडरमॅनला, म्हणजे पवित्रला, आवाज शुभमन गिलचा. आयपीएलमध्ये ८९० धावा काढून तो नुकता मोकळा झाला होता. माझं मत विचारशील तर त्याने बॅटिंगच करावी.

तू त्या पवित्र प्रभाकरवर खूश झालीस. मीही झालो, पण मला आधीचा पवित्र माहीत होता म्हणून. २००४ साली भारतीय स्पायडरमॅनचे चार अंक निघाले होते. धोतरातला. मूळ अमेरिकन कथेतल्या बेनकाकांचे भीमकाका, मेकाकूची मायाकाकू, मेरी जेनची मीरा जैन, आणि शक्ती कोळी चावून आलेली नाही, एका योग्याने दिलेली. आपल्याकडे गिऱ्हाईक थोरल्याची पत्रिका घेऊन येतं ना, ‘हीच राहू दे, फक्त धाकट्याचं नाव घाला,’ तसं ते काम वाटलं होतं मला. (अशा पत्रिकेत जुनी तारीख हमखास एका कोपऱ्यात राहून जाते.) सिनेमातला पवित्र नव्याने कंपोज केलाय. ‘चाय टी’ म्हटल्यावर सिनेमाचा नायक माइल्स याला झापतो, शहर दाखवताना इथं ट्रॅफिक, तिथं ट्रॅफिक, तिकडंही ट्रॅफिक असं सांगत सुटतो. केसांची काळजी करणारा हा पोरगा कुणाची नक्कल वाटत नाही. तक्रार एवढीच की आपलं शहर आलं आलं म्हणेपर्यंत गेलं.

आता ज्यावरून रिक्षात आपलं वाजलं ते. तू म्हणालीस, मिगेल, तो सगळ्या स्पायडरमॅनांचा म्होरक्या, दुष्ट आहे. मी म्हणालो, तो मशीनमन आहे. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही गोष्टी ठरलेल्या, त्यांना तो कॅनन इव्हेंट म्हणतो. जवळचं माणूस जाणार, ओळखीचा पोलीस कॅप्टन जाणार. त्यातलं एक जरी चुकलं तर ते अख्खं विश्व फाटणार. म्हणजे शीटच्या कोपऱ्यातल्या रजिस्ट्रेशनच्या फुल्याच की त्या! आणि तो हे हौसेने सांगत नाही. दुसऱ्या विश्वात मेलेल्या मिगेलच्या जागी हा जाऊन राहिला, त्याच्या मुलीचा बाप झाला, आणि ते विश्व मुलीसकट त्याच्या हातात विरून गेलं. पोर हातातून गेलेल्या बापाला दुष्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही. अजूनही वळत नाही.

पण दुसऱ्या वेळी बघताना माझी बाजू लंगडी पडली. कॅप्टन मरतो हा नियम आला कुठून? ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ कॉमिकच्या १९७० सालच्या ९० व्या अंकातून. डॉक्टर ऑक्टोपसशी मारामारी चाललेली, वरून विटामातीचा ढिगारा कोसळतो, खाली एक लहान पोर. ग्वेनचा बाप कॅप्टन स्टेसी धावतो, पोराला वाचवतो आणि स्वतः गाडला जातो. तो अंक मला कॅम्पातच मिळाला होता, शेवटचं पान फाटकं. मिगेलने त्या पानावरून नियम काढला, की कॅप्टन मरतो. मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, कॅप्टन पोराकडे धावतो. माइल्स मुंबॅटनमध्ये पवित्रच्या मैत्रिणीच्या इन्स्पेक्टर बापाला वाचवायला धावतो तेव्हा तो नियम मोडत नाही, मूळ पानच नीट वाचतो.

हे रिक्षात सुचलं असतं तर तू जिंकली असतीस. बरं झालं सुचलं नाही.

वेताळाच्या घराण्यातही तोच प्रकार. बाप मरायचा, पोराने कवटीवर शपथ घ्यायची, बापाचाच पोशाख चढवायचा, म्हणजे जंगलाला वाटावं वेताळ कधी मरतच नाही. एकवीस पिढ्या. तेव्हा ते मला भारी वाटायचं. एवढे अंक वाचले, पण पोराला काय करायचं होतं असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि मलाही ते वाचताना कधी खटकलं नाही. दहावीनंतर आज्जाने मला छपाईच्या ट्रेडल मशीनसमोर उभं केलं तेव्हा कवटी नव्हती, वंगणाचा डबा होता. मी तक्रार करत नाही. मला छापखाना आवडला. शाईचा वास पहिल्या दिवसापासून आवडला.

ग्वेन शेवटी घरी येते त्या प्रसंगाबद्दल मी फोनवर बोललो नसतो, म्हणून इथंच लिहितो. तिने बापापासून लपवलेलं असतं. त्याने तिच्यावर पिस्तूल रोखलेलं असतं. आणि आता तो सांगतो की त्याने पोलिसातली नोकरी सोडली. झालं. कॅप्टनच उरला नाही तर मरणार कोण? मिगेलच्या एवढ्या यंत्रांना जे सुचलं नाही ते त्या थकलेल्या माणसाने स्वयंपाकघराच्या गप्पांसारखं सांगून टाकलं. त्या खोलीतले रंग तेव्हा कसे बदलत जातात ते मी दुसऱ्यांदा नीट पाहिलं. पहिल्यांदा मला दिसले नव्हते, कारण तू पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होतीस आणि मला ते कळत होतं.

तू जानेवारीत नोकरी सोडून चित्रं काढायला लागलीस आणि मला मे महिन्यात सांगितलंस. पंधरा दिवस मी बोललो नाही. ते पंधरा दिवस मी मशीनवरही कुणाशी बोललो नाही, विचार हवं तर. याबद्दल आणखी लिहीत नाही.

राहिली शेवटची तक्रार, आणि ही रागाची आहे. सिनेमा अर्धाच आहे. माइल्स चुकीच्या विश्वात जाऊन पडतो, तिथं त्याचा बाप आधीच गेलेला, काका जिवंत, आणि समोर त्याचाच चेहरा घेऊन उभा असलेला दुसरा माइल्स. आणि दिवे लागले! मागच्या रांगेतल्या एकाने शिवी दिली ती तू ऐकलीस, मी मनात दिली. पूर्ण सिनेमाचे पैसे घेऊन अर्धा दाखवायचा हा कुठला धंदा? मी एका बाजूने छापलेली पत्रिका देऊन बघू का कुणाला? पुढचा भाग २०२४ च्या मार्चमध्ये येणार होता, तोही आता पुढे ढकललाय म्हणे. किलोच्या रद्दीत पुढचा अंक न मिळण्याची सवय आहे म्हणून मी गप्प आहे.

तो येईल तेव्हा मी बंगळूरला येतो. तिकडे मराठीत लागायचा नाही, तर कन्नडमध्ये बघू. तुला तिथं राहून अजून कन्नड येत नाही, असं आई सांगत होती. मी शेजारी बसून सांगत जाईन.

तुझा,
बाबा

ता. क. – कुरिअरच्या डब्यात कुंद्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत २००४ चे ते चार अंक ठेवलेत. दुसऱ्या अंकाची दोन पानं वाळवीने खाल्लीत. तिथं काय होतं ते मला चित्रासकट आठवतंय, फोनवर सांगतो, तू काढून ठेव. कुंद्याला तूप सुटतं, त्याचा डबा आधी बाहेर काढ.