चारही जण निर्माते कसे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मिरजेच्या तंतुवाद्यांवरच्या माहितीपटाची बातमी वाचली. छान छापलीय, फोटो पण मोठा. फक्त फोटोतल्या चारही जणांना तुम्ही सरसकट 'निर्माते' करून टाकलंय, आणि त्यातल्या दोघांनी सतारमेकर गल्ली पहिल्यांदा बघितली ती स्क्रीनिंगच्या दिवशी. मला माहितीय, कारण त्या फिल्मवर दीड वर्ष मी होतो. फोटोत नाही, ते सोडा.

मी मूळचा लग्नाचं शूटिंग करणारा, विश्रामबागेत दुकान आहे. पुण्याचा एक पोरगा दिग्दर्शक म्हणून आला, कॅमेरा त्याचा आणि बाकी सगळं माझ्या गळ्यात. बाकी सगळं म्हणजे काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं माहितीपटाला काय लागतंय, कॅमेरा लावला की झालं. गल्लीतल्या वाद्यं बनवणाऱ्या चाचांना तयार करायलाच दोन महिने गेले, टीव्हीवाले येतात, अर्धा तास सतारीच्या भोपळ्याभोवती फिरतात आणि जातात म्हणून ते वैतागलेले, मग मी रोज संध्याकाळी कॅमेरा न घेता नुसता चहाला जाऊन बसायचो. पंढरपूरकडनं भोपळे कधी येणार त्यावर शूटिंगच्या तारखा, उरसातल्या संगीत सभेत शूट करायची परवानगी, घरातल्या बायका फ्रेममध्ये येणार का नाही याची बोलणी, जे जे बोलले त्यांच्या संमतीपत्रावर सह्या, जुने फोटो स्कॅन करून परत अल्बममध्ये त्याच जागी चिकटवणं, रोज रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी, आणि खर्चाची वही. ती वही अजून माझ्याकडंच आहे.

पुढं एडिटिंगला पैसे उरले नाहीत तेव्हा एक बेदाण्याचे व्यापारी उभे राहिले. त्यांचे उपकार आहेत, खोटं कशाला बोलू, ते नसते तर फिल्म हार्ड डिस्कमध्येच कुजली असती. पण पडद्यावर बघतो तर निर्माता ते, सहनिर्माता त्यांचे मेहुणे, आणि मी 'विशेष आभार' मध्ये, लॉजवाले आणि नाष्टा सेंटर यांच्या मधोमध. घरी आल्यावर बायको म्हणाली, दीड वर्ष तुम्ही नक्की करत काय होता हो?

आता मुद्दा असा की आपल्याकडं निर्माता म्हणजे पैसे घालणारा हे डोक्यात फिट्ट बसलंय. कायदा मात्र तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची व्याख्या आहे, कलाकृती करायला जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी घेतो तो निर्माता, त्या व्याख्येत पैसा हा शब्दच नाही. आणि त्याच कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणून दिग्दर्शक नाही तर निर्माता धरलाय, म्हणजे मालकी हक्काचा विषय तिथनंच सुरू होतो. राष्ट्रीय पुरस्कारात पण सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरला की बक्षीस निर्माता आणि दिग्दर्शक दोघांना मिळतं. म्हणून हे नुसतं मानपानाचं रडगाणं नाही.

त्यात आपल्या मराठीनं अजून घोळ घातलाय. आपल्या सिरियलचा किंवा सिनेमाचा कार्यकारी निर्माता म्हणजे सेटवर पळणारा माणूस, गाड्या, जेवण, कॉल टाइम, नटाचा रुसवा, सगळं तोच बघतो. परदेशातल्या माहितीपटात एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणजे बऱ्याचदा पैसा आणणारा नाहीतर आपलं नाव आणि वजन देणारा. आपण दोन्हीला एकच शब्द लावतो आणि मग वाचणाऱ्याला कोण राबला कोण नाही काही कळत नाही. 'टू किल अ टायगर' हा माहितीपट आठवतो का, पोरीला न्याय मिळावा म्हणून लढणाऱ्या झारखंडच्या बापाचा? दिग्दर्शिका निशा पाहुजानं कित्येक वर्षं घालून तो केला, जानेवारी २०२४ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि त्यानंतर प्रियांका चोप्रा एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणून जोडली गेली. त्यात वाईट काही नाही, तिच्या नावानं फिल्म चार लोकांपर्यंत जास्त पोचली असेल, पण आमच्या कट्ट्यावर लगेच ती 'प्रियांकाची फिल्म' झाली. नामांकनात नावं होती ती पाहुजा आणि तिच्या दोन प्रोड्युसरची.

अमेरिकेत डॉक्युमेंटरी प्रोड्युसर्स अलायन्स म्हणून माहितीपटवाल्यांची संघटना आहे, त्यांनी तर क्रेडिट कसं द्यावं याची नियमावलीच काढलीय. निव्वळ पैसे दिले म्हणून प्रोड्युसर नाही, अशांसाठी एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, असा त्याचा एकूण सूर. ही भांडणं माहितीपटातच जास्त का होतात तर इथं युनिट चार माणसांचं, काम वर्षानुवर्षं चालतं, पैसा तुकड्यातुकड्यानं येतो, आणि द्यायला पैसे नसले की नाव दिलं जातं. कधी कधी तर नावं एवढी वाटली जातात की शेवटी निर्माते जास्त आणि युनिट कमी. (लग्नपत्रिकेतल्या प्रेषक-निमंत्रकांसारखंच, आमच्या धंद्यात ते रोज बघतो.)

चूक माझी पण आहे. पहिल्याच दिवशी एक साधा कागद करायला पाहिजे होता, कोण काय करणार आणि फिल्मच्या शेवटी नावांच्या पाटीवर काय लागणार. दिग्दर्शक म्हणाला, दादा तुमचं नाव वरतीच असणार, आणि मी विश्वास ठेवला, आपल्याकडं कागद मागितला की माणूस दुखावतो ना. आत्ता आटपाडीकडच्या मेंढपाळांवर एक काम येतंय, त्या पोरांना मी शूटिंगच्या आधी कागद मागितला. जरा तोंडं वाकडी झाली पण केला.

तुमच्याकडं एवढंच मागणं आहे की माहितीपटाची बातमी आली तर वार्ताहराला फिल्मच्या शेवटची पाटी मागवून बघायला सांगा आणि जसं तिथं लिहिलंय तसं छापा, निर्माता, सहनिर्माता, प्रस्तुतकर्ता जे असेल ते. पाटीच चुकलेली असेल तर तुमचा दोष नाही, तो आमचा आम्ही बघतो.

आणि अजून एक राहिलं. फोटोत चाचांच्या हातात तंबोरा आहे, तुम्ही खाली 'सतार' छापलंय. तो पेपर गल्लीत दुकानादुकानात फिरला आणि तीन दिवस लोक हसतायत, चाचा मात्र चिडलेत. माझ्या नावाचं जाऊ द्या, येत्या अंकात तेवढी दुरुस्ती नक्की छापा.

आपला,
एक शूटिंगवाला, विश्रामबाग, सांगली