खेळ मुलींचा, माप मात्र मुलांचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आमच्या सांगलीची स्मृती मानधना असल्यामुळे आमच्या गावातही रात्री फटाके वाजले. त्याच्या तीन वर्षे आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे केले होते : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. या दोन्ही गोष्टींचा मला आनंदच आहे. परंतु माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे क्रीडाशिक्षिका म्हणून काम केल्यानंतर समानतेचा हा प्रश्न मला मानधनाच्या कितीतरी अलीकडे, शाळेच्या कपाटातील गणवेशाच्या गठ्ठ्यापाशीच अडलेला दिसतो.

आमच्याकडे खो-खोच्या मुलींचा संघ तालुक्याला जायचा, तेव्हा त्यांच्या अंगात मुलांच्याच मापाचे टी-शर्ट असत. खरेदी एकदाच, दोन्ही संघांची मिळून होई. दरपत्रकात ३४, ३६, ३८ असे आकडे भरले की काम झाले. हे आकडे अनेक वर्षे मीच भरत होते, हेही येथे कबूल करते. एका स्पर्धेत आमची सर्वांत चपळ मुलगी, आठवीतली, समोर गडी हाताच्या अंतरावर असतानाही सूर मारीना. डाव संपल्यावर मी रागावले, तेव्हा तिने खाली मान घालून सांगितले, “बाई, वाकलं की गळा लोंबतोय, आणि म्होरं पोरं बसल्यात.” गळ्याला तिने आतून सेफ्टी पिन लावली होती आणि टी-शर्टाच्या आत स्लिप व तिच्यावर आणखी एक बनियन घातले होते. ऑगस्टच्या उकाड्यात तीन कपडे अंगावर चढवून, एक हात गळ्यापाशी ठेवून ती पळत होती. मी मात्र तोवर तिच्या अंगात जिद्द कमी आहे, असे समजत होते.

हे केवळ खेड्यातल्या शाळेचे रडगाणे आहे असे कोणी म्हणू नये. क्रिकेट प्रशासक समितीचे माजी प्रमुख विनोद राय यांनी २०२२ मधील एका मुलाखतीत सांगितले होते की, पुरुषांचे गणवेश कापून, पुन्हा शिवून महिला संघाला दिले जात असल्याचे त्यांना आढळले. जे देशाच्या संघाचे, तेच आमच्या तालुक्याचे. योगायोग असा की, स्पोर्ट्‌स ब्राचा जन्मही अशाच कापाकापीतून झाला. १९७७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप (आतून घालायची आधाराची लंगोटवजा वस्त्रे) एकत्र शिवून धावणाऱ्या बायकांसाठी पहिला नमुना तयार केला. फरक इतकाच की, तेथे कात्री बायकांच्या हातात होती आणि माप त्यांचे स्वतःचे होते. या गोष्टीला जवळजवळ पन्नास वर्षे होत आली, तरी आमच्या शाळांच्या क्रीडासाहित्याच्या यादीत चेंडू, जाळी, शिट्टी, गुडघ्याचे पॅड असे सारे असते आणि हे एक वस्त्र नसते. ते मुलीने आईकडे मागायचे आणि आईने संकोचाने टाळायचे, अशी रीत आहे. तालुक्याच्या दुकानात विचारले तर पुरुष विक्रेता मान वळवतो, आणि “त्याला इथे गिऱ्हाईक नाही” म्हणतो. वस्तू दुकानात ठेवलीच नाही, तर गिऱ्हाईक कोठून दिसणार?

बुटांची कथा वेगळी नाही. बूट ज्या साच्यावर बेततात त्याला आपल्याकडे कलबूत म्हणतात. बाईच्या पावलाची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते, म्हणून पुरुषी कलबुतावरचा बूट लांबीला बरोबर आला तरी टाचेत सैल पडतो. आमच्या मुली पुढे कापूस कोंबत आणि नाडी घोट्याभोवती दोन वेढे घेऊन बांधत. एकाएकी दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळांत गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये अधिक असते. त्याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष बुटाला देता येणार नाही, पण निसटत्या टाचेवर वळण घ्यायला लावणे हे शहाणपणाचे नाही, एवढे कोणालाही कळेल.

यावर “आमच्या वेळी मुली अनवाणी पळायच्या” असे उत्तर हमखास येते, आणि सावरपाड्याची धावपटू कविता राऊत हिचे उदाहरण दिले जाते. कविता लहानपणी अनवाणी धावली हे खरे. पण २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक तिने बूट घालूनच मिळवले, हे सांगायचे राहून जाते.

पांढऱ्या चड्डीबद्दलही लिहायला हवे. पाळीच्या दिवसांत पांढरी चड्डी घालून मैदानात उतरण्याच्या धास्तीने मुली आजारपणाची चिठ्ठी आणतात, हे प्रत्येक क्रीडाशिक्षिकेला ठाऊक आहे. पांढऱ्या पोशाखाच्या परंपरेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या विम्बल्डन टेनिस स्पर्धेने २०२३ पासून महिलांना आतून गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा दिली. आमच्या स्पर्धांत हे सांगायला गेले की “शिस्त” हा शब्द ऐकावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला. तेव्हापासून गावोगावच्या मुली खो-खोकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागल्या आहेत. माझी मागणी मोठी नाही आणि तिला फारसा वेगळा निधीही लागणार नाही. शाळांनी मुलींची मापे शिक्षिकेकरवी वेगळी घ्यावीत, दरपत्रकात त्यांचा वेगळा रकाना असावा, चड्डी गडद रंगाची असावी आणि साहित्याच्या यादीत स्पोर्ट्‌स ब्रा हा शब्द न लाजता छापावा. दरपत्रके जून-जुलैत मागवली जातात आणि तालुका स्पर्धा त्यापाठोपाठ येतात, तेव्हा मुख्याध्यापकांना व संस्थाचालकांना हे आताच कळावे, म्हणून हा पत्रप्रपंच. मापे कशी घ्यावीत याविषयी कोणा शिक्षिकेला शंका असल्यास, आमच्या गावच्या शिंपीणबाईंकडून मी उशिरा का होईना शिकले आहे. ते समजावून सांगायला मी केव्हाही तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
तासगाव, जि. सांगली